बाबांसोबत बघायला न गाजलेले विनोदी सिनेमे आणि हेडफोनसाठी जरा हटके अल्बम सुचवा

उशिराचा_पाऊस:
मंडळी, विषय दोन आहेत पण धागा एकच काढतोय, सांभाळून घ्या. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, बुलढाण्याहून आमच्याकडे पुण्यात आलेत, अजून दीड महिना तरी आहेत. रिटायर्ड झेडपीचे मास्तर. सकाळी फिजिओवाला येऊन पाय वाकवून जातो तेव्हा तोंडातून जे काही निघतं ते इथे लिहिता येणार नाही, आणि संध्याकाळी मी दारात बूट काढत असतानाच आतून आवाज येतो, "लाव काहीतरी हसायचं". आता झालंय काय, की बनवाबनवी, धुमधडाका, गंमत जंमत सगळं पहिल्या पंधरा दिवसांत उरकलं, आणि त्यातही डायलॉग पडद्याच्या आधी बाबाच म्हणून मोकळे होतात, परवा आई म्हणाली तुम्ही दोघं टीव्ही बंद करून नुसते बोला, वीज तरी वाचेल.

तर विनोदी पाहिजेत पण गाजून गाजून गुळगुळीत झालेले नकोत. मराठी असेल तर उत्तम, हिंदी चालेल. सबटायटलवाले माझ्यापुरते वेगळे सांगा, बाबांना चष्मा सापडेपर्यंत सीन संपलेला असतो. अचकट-विचकट नको, आई पण बसते.

दुसरं माझं स्वतःचं. हिंजवडीला जाऊन-येऊन बसमध्ये अडीच तास जातात. कॉलेजात असताना रॉक-बिक भरपूर ऐकायचो, आता तीच चाळीस गाणी फिरतायत आणि अॅपला वाटतं याला एवढंच आवडतं, तेच तेच वाढत राहतं. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत अख्खा ऐकावासा वाटेल असा एखादा अल्बम सांगा, देशी असला तर बरं. कुठल्यातरी टॉप ५० ची लिंक चिकटवू नका प्लीज, स्वतः ऐकलेलं सांगा.

कुडाळचो_चेडो:
एकच नाव घेतंय आणि ता पुरेसा आसा. नारबाची वाडी, २०१३. (आता मराठीत लिहितो नाहीतर पुणेकर भाषांतर मागतील.) दिलीप प्रभावळकर म्हणजे नारोबा, कोकणातला म्हातारा, माडा-पोफळीची वाडी जिवापाड जपणारा. खोताला ती वाडी पाहिजे. मनोज जोशी दोन पिढ्यांचे दोन्ही खोत झालाय, आधी बाप आणि मग पोरगा. तर धाकटा खोत व्यवहार करतो, की म्हातारा जिवंत असेपर्यंत मी दर महिन्याला पैसे देतो आणि मेला की वाडी माझी. म्हातारा तर आज-उद्याचाच दिसतोय, त्यामुळे खोताला वाटतं स्वस्तात पडलं. आणि मग म्हातारा मरायचं नाव घेत नाही! महिन्याच्या महिन्याला पैसे मिळाल्यावर अंगावर मांस चढायला लागतं आणि इकडे खोत मात्र झुरायला लागतो, हिशोबाची वही उघडली की याला घाम. पुढचं सांगत नाही.

मूळ बंगाली आहे, मनोज मित्रांचं नाटक, त्याच्यावर तपन सिन्हांनी बांछारामेर बागान केला होता १९८० ला. पण मराठीत गुरू ठाकूरने असा काय मालवणी मुलुखात आणून ठेवलाय की मूळ कोकणातलंच वाटावं. आमच्याकडे जमिनीवरून तीन-तीन पिढ्या कोर्टात घालवलेली घरं आहेत, त्यामुळे माझी आजी बघताना हसत नव्हती, नुसती मान डोलवत होती, "असोच होतो तो" म्हणून कुणाचंतरी नाव घेत होती. पिक्चर चालला तेव्हा कुडाळात फार दिवस टिकला नाही, आम्ही गेलो तर पंधरा-वीस माणसं असतील, त्यातली निम्मी आमच्याच घरची.

आणि हो, बाबांना दाखव, पलंगावर पडलेला माणूस हळूहळू उठून बसतो यापेक्षा चांगला पिक्चर गुडघ्याच्या पेशंटला दुसरा कुठला असणार.

रिकामटेकडी:
कथा. सई परांजप्यांचा, १९८३. आता कोणीतरी म्हणेल हा कुठे दुर्लक्षित, पण माझ्या ऑफिसात पंचविशीतली आठ पोरं आहेत, त्यातल्या एकानेही पाहिला नव्हता, सगळ्यांना चश्मे बद्दूर माहीत आहे आणि तिथेच थांबतात. मूळ मराठीच आहे, शं. गो. साठ्यांचं नाटक ससा आणि कासव. चाळीतला राजाराम म्हणजे नसीर, पाण्याच्या नळापासून गॅलरीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची कामं करणारा, आणि त्याच्या खोलीत येऊन पसरणारा बाशू म्हणजे फारुख शेख, जो थापा इतक्या गोड मारतो की बघताना आपणच त्याच्या बाजूचे होतो आणि मग स्वतःची लाज वाटते. नेहमी फारुख शेख बिचारा आणि नसीर तिखट असतो ना, इथे बरोब्बर उलटं, अर्धी मजा त्यातच आहे. मी तर म्हणते प्रत्येक चाळीत, सोसायटीत, ऑफिसात एक बाशू असतोच आणि त्याला प्रमोशन आपल्या आधी मिळतं.

दुसरा हरिश्चंद्राची फॅक्टरी, २००९, परेश मोकाशींचा पहिला सिनेमा. हा ऑस्करला पाठवला होता म्हणून लोकांना वाटतं काहीतरी गंभीर चरित्रपट असेल, आणि तिथेच मार खातो. अहो तो धमाल आहे! फाळके म्हणजे नंदू माधव, घरातलं एकेक सामान विकतोय आणि चेहऱ्यावर मात्र लॉटरी लागल्यासारखं हसू, आणि सरस्वतीबाई (विभावरी देशपांडे) कपाळाला हात लावून नाही तर पदर खोचून त्याच्या मागे उभी. १९१२-१३ साली सिनेमात काम करतो म्हणायची लाज, मग नटांना सांगून ठेवलंय की कोणी विचारलं तर म्हणायचं आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. बायका मिळेनात म्हणून पुरुषांना साड्या, आणि ते मिशी काढायला तयार नाहीत, कारण बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची. तुमच्या बाबांना हा सीन दाखवा आणि मग मला सांगा.

अल्बमबद्दल मला विचारू नका, मी अजून रेडिओ ऐकते.

बेस_थोडा_वाढवा:
सिनेमाचं चालू द्या, मी दुसऱ्या प्रश्नासाठी आलोय. बसायला वेळ आहे ना, कारण हे लांबणार.

चरणजीत सिंग, सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट, १९८२. नाव वाचून हसू येतं, मलाही आलं होतं, ठाण्यात एका मित्राच्या घरी त्याने लावला तेव्हा मी म्हटलं हे काय लग्नातलं कीबोर्ड, आणि तिसऱ्या मिनिटाला गप्प झालो. हा माणूस मुंबईत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, नाव कुणाला माहीत नाही अशातला. त्याने रोलँडची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ हा सिंथ, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हा बास, आणि तिघांना एकमेकांशी जोडून त्यावर दहा राग वाजवले, भूपाळी, ललत, तोडी, यमन, कलावती, मेघमल्हार वगैरे. खाली एकसारखा ठोका धडधडतोय आणि वर राग उलगडतोय.

आता गंमत बघा. ते ३०३ मुळात गिटारवाल्याला घरी सोबत म्हणून काढलेलं, खऱ्या बासची नक्कल करायला, आणि तशी नक्कल त्याला अजिबात जमायची नाही म्हणून ते आपटलं, जुन्या बाजारात मातीमोल विकायला लागलं. मग शिकागोच्या पोरांनी ते स्वस्तात उचललं, त्याचे कान पिळले आणि १९८७ च्या सुमारास अॅसिड हाऊस नावाचा डान्स म्युझिकचा प्रकार जगभर झाला. आणि आपला सरदारजी पाच वर्षं आधी एचएमव्हीच्या स्टुडिओत तेच करून बसला होता, कुणाला न सांगता, कारण त्याला माहीतच नव्हतं की आपण काही वेगळं करतोय. त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, शिकागोवाल्यांना त्यातून किंचाळणारा आवाज मिळाला, याला मींड मिळाली. मला तरी असंच ऐकू येतं, शास्त्रीयवाले मारायला येतील.

रेकॉर्ड तेव्हा खपली नाही. २०१० ला एका डच लेबलने पुन्हा काढली आणि मग सत्तरी गाठलेला हा माणूस युरोपात तरुण पोरापोरींच्या गर्दीसमोर तीच यंत्रं घेऊन वाजवत होता. २०१५ ला गेले. बसमध्ये पाऊस चालू असेल आणि वाकडला गाडी अडकली असेल तेव्हा मेघमल्हार लाव. सगळा अल्बम एका दमात ऐकू नको मात्र, मी ऐकला होता आणि डोकं शिट्टीसारखं वाजत होतं, पाच-पाच करून घे.

दुसरा: अवियल, बँडचं नाव पण अवियल आणि २००८ च्या अल्बमचं पण. मल्याळम अल्टरनेटिव्ह रॉक. भाजीवरून नाव, सगळं एकत्र घातलेली ती भाजी. शब्द एक कळत नाही, फरक शून्य. त्यातलं आना कळ्ळन म्हणजे हत्तीचोर, हत्ती चोरणाऱ्यावर गाणं करावं असं मुंबईत कुणाला सुचलं नसतं. बासवर नरेश कामत, तोच कैलासा बँडवाला. गिटारचा आवाज इतका स्वच्छ की वायर असलेले हेडफोन घेऊन बसायला हरकत नाही.

तिसरी_घंटा:
बेसवाले, ललतवर ड्रम मशीन हे वाक्य वाचूनच माझा बीपी वाढला. ऐकेन मात्र.

उशिराचे बाबा मास्तर आहेत ना, आणि तेही बुलढाण्याचे? मग निशाणी डावा अंगठा कोणी कसा काय नाही सांगितला अजून! २००९, दिग्दर्शक पुरुषोत्तम बेर्डे, रमेश इंगळे उत्रादकरांच्या कादंबरीवरून, आणि कादंबरी तिकडचीच, गुरुजी लोकांच्या डोक्यावर आणून बसवलेल्या साक्षरता अभियानाची. निरक्षर शोधा, त्यांना शिकवा, ते येत नाहीत, मग ते कागदावर येतात, कागदावर शिकतात आणि कागदावर पास होतात. सिनेमा कादंबरीच्या निम्म्यानेही नाही हे आधीच सांगतो, मध्ये मध्ये उगाच पसरलाय, पण ज्याने खडू हातात धरलाय त्याला हसू आवरणार नाही. आणि वाचायला बसवलंत तर कादंबरीच द्या, पायाला ताण नाही.

जुन्यातला गुपचूप गुपचूप (१९८३). अशोक सराफचे प्रोफेसर धोंड. त्या कोकणी हेलातलं एकेक वाक्य... अशोकमामांची शंभर कामं लोकांच्या तोंडात आहेत पण धोंड म्हटलं की पन्नाशीच्या आतले कोण म्हणून विचारतात. कथेत फार दम नाही, धोंड पडद्यावर नसताना चहा करून घ्यावा.

शिवाय मु. पो. बोंबिलवाडी. नाटक मी पाहिलंय आणि नाटक ते नाटकच, पण सिनेमाही आला २०२५ च्या पहिल्याच दिवशी, प्रशांत दामले हिटलर! दुसरं महायुद्ध आणि कोकणातलं हौशी नाटक यांची भेळ. तर्क दारात चपलेसोबत काढून ठेवायचा. माझ्यासोबत थिएटरात मागच्या रांगेत एक काका एकटेच इतके हसत होते की मध्यंतरात सगळे त्यांनाच बघत होते.

नर्मदाकाठ:
शहाद्याहून. दोन गोष्टी.

इंडियन ओशन हा बँड सगळ्यांना बंदे या गाण्यामुळे माहीत आहे, पण कंदीसा (२०००) अख्खा ऐकलेले कमी भेटतात. नावाचं गाणं म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, आणि त्यातच मां रेवा आहे, रेवा म्हणजे नर्मदा. त्यांचा राहुल राम नर्मदा आंदोलनात होता. आमच्या जिल्ह्यातली मणिबेली धरणाच्या पाण्यात गेली, माझे वडील त्या वेळी तिकडे ये-जा करायचे. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते दिल्लीच्या बँडचं म्हणून नाही, एका मोर्चात भोंग्यावर कोणीतरी लावलं होतं आणि मला वाटलं आपल्याकडचंच कोणीतरी म्हणतंय. नंतर कळलं. त्यांचा १६/३३० खजूर रोड पण ऐक, २०१० चा, ज्या घरात सराव करायचे त्याचा पत्ता म्हणजे अल्बमचं नाव, आणि गाणी नेटवर फुकट सोडली होती. असीम चक्रवर्ती त्याच्या आधीच, डिसेंबर २००९ ला गेला, पण आवाज त्यात आहे. तो तबला वाजवता वाजवता गायचा, एकाच माणसाने दोन्ही, हे माहीत असलं की वेगळंच ऐकू येतं.

मराठीच पाहिजे असेल तर स्वदेसीचा चेतावनी, २०२०. मुंबईची रॅपवाली पोरं, हिंदी-मराठी सगळं मिसळून. त्यांच्यात 100 RBH (म्हणजे सौ-रभ) या नावाने म्हणणारा सौरभ अभ्यंकर अमरावतीचा, त्याची मराठी कानाला वऱ्हाडी ठेचा लावून येते. बाबांना पण ऐकव, रॅप म्हणून नको सांगू, पोवाडा आहे म्हण.

सिनेमात गाभ्रीचा पाऊस (२००९), सतीश मनवर. विदर्भातला शेतकरी, गिरीश कुलकर्णी. शेजाऱ्याने जीव दिल्यावर याच्या बायकोला (सोनाली कुलकर्णी) भीती बसते की आता आपला नवरा. मग ती पोराला त्याच्या मागे लावते, बाप जाईल तिथे पोरगं, आणि घरात त्याच्या मनासारखं सगळं. त्या बिचाऱ्याला कळतच नाही हे सगळे आपल्याशी इतकं गोड का वागतायत.

रिकामटेकडी:
@नर्मदाकाठ अहो पण तो विनोदी? माझ्या तर घशात आवंढा आला होता शेवटी. आजारी माणसाला हा नका सांगू हो.

नर्मदाकाठ:
अर्धा सिनेमा लोक हसतात. मग हसायचं बंद होतं. तसाच केलाय तो. पण बरोबर आहे, बाबांना नको, तू एकटा बघ.

बेस_थोडा_वाढवा:
सबटायटलवाला राहिलाच. वन कट ऑफ द डेड, जपानी, २०१७, अगदी चिल्लर पैशात केलेला. कुठेही काही वाचू नको, ट्रेलर नको, पोस्टर पण नको. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट आहे, भंगार झॉम्बी पिक्चर, नट मध्येच अडखळतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो, तू मला शिव्या घालशील. घाल. पण बंद करू नको. माझ्या बायकोने पस्तिसाव्या मिनिटाला बंद केला आणि झोपली, मी शेवटी एकटा उशी तोंडावर दाबून हसत होतो, सकाळी तिला सांगताही येईना की कशाला हसलो.

आणि महेशिन्ते प्रतिकारम, मल्याळम, २०१६. गावातल्या फोटोग्राफरला भर चौकात मार पडतो आणि तो शपथ घेतो की बदला घेईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. मारणारा निघून जातो दुबईला! आता बस अनवाणी. एवढ्यावर दोन तास.

कुडाळचो_चेडो:
आमच्या वाडीत एकान दाढी ठेवलेली अशीच, भावाशी भांडान. भाऊ मुंबयत. अजून आसा दाढी.

उशिराचा_पाऊस:
मंडळी, दहा दिवसांनी येतोय, रिपोर्ट देतो.

नारबाची वाडी पहिल्या रात्रीच लावला. एका अॅपवर पैसे भरून भाड्याने घेतला तर आवाज आणि ओठ यात दोन सेकंदांचं अंतर, प्रभावळकर तोंड मिटून बसलेत आणि मालवणी चालू आहे. बाबा म्हणाले राहू दे, रेडिओ समजून ऐकू. तीन वेळा बंद-चालू केल्यावर जमलं. खोत हिशोब करत बसतो तिथे बाबा इतके हसले की आईने गुडघ्याला हात लावून "दुखेल" म्हणून दटावलं. आता फिजिओवाल्याला ते खोत म्हणतात. "आला बघ खोत, अजून जिवंत आहे का बघायला." त्या बिचाऱ्याला काही कळत नाही, तो म्हणतो काका मूड चांगला आहे आज.

फॅक्टरी पण झाला. मिशीचा सीन बरोबर सांगितला होतात रिकामटेकडी, पण त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं माहितीये, फाळके घरातलं कपाट विकतो ते. "तुझ्या आईला मी असं न विचारता सायकल विकून पुस्तकं घेतली होती, आठ दिवस बोलली नव्हती." आईने आतून दुरुस्ती केली, पंधरा.

निशाणीचं मात्र वेगळंच झालं. मला वाटलं होतं खूप हसतील. सुरुवातीला हसले, मग टीव्हीकडे बघेचनात, मलाच सांगायला लागले. की आम्ही कंदील घेऊन वस्तीवर जायचो रात्री, बायाबापड्या दिवसभर सोंगणी करून आलेल्या, पाटीवर अ काढता काढता डुलक्या घ्यायच्या. आणि वरून विचारणा यायची आकडा किती, आकडा किती. म्हटलं मग तुम्ही काय आकडा दिला. तर म्हणे "दिला जो पाहिजे होता तो." मग थोड्या वेळाने, "पण सखूबाई खरंच शिकली होती, तिने मला एसटीची पाटी वाचून दाखवली होती." पिक्चर तसाच चालू राहिला, शेवट आम्ही दोघांनी पाहिलाच नाही. कादंबरी मागवलीये, तिसरी घंटा.

गाभ्रीचा एकट्याने पाहिला. बाबांनी नुसतं नाव वाचलं स्क्रीनवर आणि म्हणाले ही तर शिवी आहे, तुला कोणी शिकवली.

गाण्यांचं: अवियल लागलं ते लागलंच, चार दिवस दुसरं काही नाही. चरणजीत सिंग सकाळी ऐकवत नाही मला, संध्याकाळी मस्त. आणि एक चूक झाली, ब्लूटूथ हेडफोनऐवजी घरातल्या स्पीकरला जोडलेलं राहिलं आणि यमन सुरू झाला ठोक्यासकट. बाबा आतून, "हे काय लावलंय रे, यमन आहे ना हा?" म्हटलं हो. "मग त्याला ताप का आलाय?"

कंदीसा उद्या. एक विचारायचं राहिलं, कथा कुठे बघायला मिळतो चांगल्या प्रिंटमध्ये? मला मिळाला त्यात चेहरे ओळखू येत नाहीत, आणि आईने आत्ताच जाहीर केलंय की फारुख शेख असेल तर ती पहिल्यापासून बसणार.

रिकामटेकडी:
माझ्याकडे डीव्हीडी आहे, कोथरूडला या घेऊन जा. परत आणून द्या फक्त. मागचा एक बाशू तीन वर्षं झाली घेऊन गेलाय चश्मे बद्दूर.

तिसरी_घंटा:
तापाची गोळी मलाही लागली. ललत ऐकला. दोनदा.